राजीनामा १८९७चा, दुकान १८८८चं : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गोष्टीतून गळून पडणारी वर्षं

लिंक्डइन उघडलं की आठवड्यातून एकदा तरी एक पोस्ट हमखास दिसते. बॉसने अपमान केला, प्रमोशन दुसऱ्यालाच दिलं, त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला आणि आज बघा, माझ्याच कंपनीत पन्नास लोक कामाला आहेत. खाली लाईकचा पाऊस. अशा पोस्टला मराठी उदाहरण जोडायचं असेल तर एक नाव ठरलेलं असतं, लक्ष्मणराव किर्लोस्कर.

गोष्ट खोटी नाही. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. त्यांचा हक्क असलेली बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि १८९७ साली त्यांनी नोकरी सोडली. हे सगळं घडलं.

पण ज्या दिवशी राजीनामा दिला त्या दिवशी बेळगावात त्यांचं दुकान सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. आणि ज्या नांगरामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं, तो नांगर बनायला अजून सहा वर्षं जायची होती. खपायला त्याहून जास्त.

साठ सेकंदांच्या रीलमध्ये ही वर्षं बसत नाहीत. म्हणून आज तीच बघायची.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावचा. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता, आज तो कर्नाटकात आहे. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गुर्लहोसूरचे. त्यामुळे त्या काळात किर्लोस्कर म्हटलं की लोकांना आधी 'शाकुंतल' आठवायचं. यंत्राबिंत्रांचा या आडनावाशी काही संबंध नव्हता.

शाळेत पोराचं मन लागेना. जीव रमायचा दोनच गोष्टींत, चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून बघण्यात. चित्रकार होऊन पोट कसं भरणार, हा वडिलांचा प्रश्न होता आणि तो अगदीच गैर नव्हता. पण थोरले भाऊ रामचंद्रराव, ज्यांना सगळे रामुअण्णा म्हणत, ते पैशानिशी मागे उभे राहिले. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

हे रामुअण्णा लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम आहे.

जे. जे. मध्ये गेल्यावर कळलं की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकाराचं करिअर तिथेच संपलं. पण चित्रकलेचा एक प्रकार असा आहे ज्यात रंग लागत नाही, लागते ती फक्त रेघ आणि माप. यंत्राच्या भागांची आरेखनं, म्हणजे आजच्या भाषेत मेकॅनिकल ड्रॉइंग. लक्ष्मणरावांनी ते धरून ठेवलं. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच आपलं व्हीजेटीआय सुरू झालं होतं. तिथे ते हाच विषय शिकवायला लागले.

इथे त्यांनी एक गोष्ट केली जी नोकरदार माणसाने नीट बघण्यासारखी आहे. वर्गात शिकवून झालं की घरी जाण्याऐवजी ते संस्थेच्या कार्यशाळेत थांबायचे. यंत्रं कशी चालतात, बिघडली की कशी उघडायची, सुटे भाग कसे घडवायचे, हे हाताने शिकायचे. यंत्रांवरची अमेरिकन मासिकं आणि कॅटलॉग मागवून वाचायचे. कुठलीही पदवी हातात न घेता हा माणूस पगार घेत घेत इंजिनिअर होत होता.

तेवढ्यात त्यांच्या नजरेस सायकल पडली.

आता आपल्याला सायकल म्हणजे पोरांची गाडी वाटते. त्या काळात ती जवळपास चैनीची वस्तू होती. किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात. लक्ष्मणराव आधी स्वतः चालवायला शिकले आणि मग मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला रामुअण्णांकडे पाठवू लागले. बेळगाव छावणीचं गाव. साहेब लोक, अधिकारी, डॉक्टर असं गिऱ्हाईक तिथे होतं. पण नुसती सायकल देऊन भागत नव्हतं, कारण ती चालवायची कशी हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग रामुअण्णा सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे पैसे वेगळे.

दुकानावर पाटी लागली किर्लोस्कर ब्रदर्स. साल १८८८.

म्हणजे बघा, एक भाऊ मुंबईत पगारावर. त्याला बाजाराची, मालाची, नव्या वस्तूंची खबर. दुसरा भाऊ बेळगावात गल्ल्यावर. त्याला गिऱ्हाइकाची खबर. ना व्हॉट्सॲप, ना फोन, सगळा कारभार टपालावर. आज आपण ज्याला साईड बिझनेस म्हणतो तो ही जोडगोळी नऊ वर्षं चालवत होती.

१८९७ मध्ये बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांचं वय २८. अपमान मोठा होता यात शंका नाही. परदेशी राज्यात लायकी असूनही चामडीच्या रंगावरून मागे ठेवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला पूर्ण कळणारही नाही. पण राजीनामा देताना घरची चूल पेटेल का हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो रामुअण्णांनी आणि सायकलींनी आधीच सोडवून ठेवला होता. धाडस होतंच. फक्त त्या धाडसाखाली जमीन होती.

मला वाटतं, ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगताना नेमकी ही जमीन काढून घेतली जाते. आणि मग एखादा पोरगा तीन महिन्यांचा पगारही गाठीला नसताना रील बघून राजीनामा टाइप करायला बसतो.

असो. लक्ष्मणराव बेळगावला आले.

सायकलींच्या धंद्यात दुरुस्ती आलीच, दुरुस्तीसाठी छोटी कार्यशाळा आली, आणि कार्यशाळा आल्यावर लक्ष्मणरावांचं डोकं विक्रीपेक्षा बनवण्याकडे वळलं. इंग्लंड-अमेरिकेहून आलेली वस्तू विकायची, तर ती इथे का करू नये? आणि करायची तर कुणासाठी? सायकल घेणारे मोजके होते. शेतकरी मात्र गावोगाव होते आणि त्यांच्यासाठी यंत्र बनवण्याचा विचार फारसं कुणी करत नव्हतं.

पहिलं यंत्र निघालं कडबा कापण्याचं. आपल्याकडे जालना-परभणीकडे याला कुट्टी मशीन म्हणतात. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि जाड धांडा पायाखाली तुडवतं. कुट्टी करून टाकला की वाया जात नाही. फायदा डोळ्यांसमोर दिसतो, पहिल्याच आठवड्यात दिसतो. त्यामुळे हे यंत्र चालू लागलं.

मग १९०३ मध्ये आला लोखंडी नांगर. आणि गाडी रुतली.

लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर ती खोल फाडतो आणि ढेकूळ उलटं करतो. काळ्या जमिनीत हरळी, कुंदा असलं तण खोल मुळं धरून बसलेलं असतं, ते वर वर खरवडून जात नाही. तिथे हा नांगर म्हणजे उत्तर होतं. इंग्लंडहून असे नांगर हिंदुस्थानात येतही होते. लक्ष्मणरावांनी तसा नांगर बेळगावात घडवला.

आणि कुणी घेईना.

शेतकऱ्यांमध्ये समज असा की लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं, जमीन नापीक होते. आज आपण हे वाचून हसतो. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार घडवतो, मोडला तर तिथेच नीट होतो, मोबदला बलुत्यात जातो, रोख मोजावी लागत नाही. आता कुणीतरी बेळगावचा माणूस म्हणतो की रोख पैसे मोजून हे लोखंड घे. ते मोडलं तर नीट कोण करणार? बैलांना झेपेल का? आणि फसलं तर नुकसान एका दिवसाचं नाही, हंगाम जातो. विषाची गोष्ट बाजूला ठेवली तरी नाही म्हणायला त्याच्याकडे कारणं भरपूर होती.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं. आजच्या हिशोबात एवढ्या वेळात दोन वेळा फंडिंग संपून कंपनी बंद पडते.

जालन्यात बसून हे लिहिताना दुसरं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. बद्रीनारायण बारवाले. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महिको काढली. त्याआधी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या पुसा सावनी भेंडीचं बियाणं पिकवून बघितलं होतं. पुढे १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं आणि जालना म्हणजे बियाण्यांचं गाव अशी ओळख झाली. त्यांच्यापुढचा पेच थेट या नांगराचा धाकटा भाऊ होता. बियाणं तर घरच्या कणगीत असतं, मागच्या पिकातलं राखलेलं. ते दरवर्षी दुकानातून विकत कशाला घ्यायचं? हायब्रीड असलं तर पुन्हा पुन्हा घ्यावं लागणार, हे तर आणखी अवघड. साठ वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच गिऱ्हाइकापुढे उभी होती, जे गिऱ्हाईक मूर्ख नव्हतं, सावध होतं. जालना सोने का पालना ही म्हण मिरवणाऱ्या आपल्या गावाला हा सावधपणा चांगला माहीत आहे.

लक्ष्मणरावांनी काय केलं? एक म्हणजे धीर धरला, आणि धीर धरता आला कारण कुट्टी मशीन घरात पैसे आणत होती. दुसरं जास्त महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या तक्रारी त्यांनी अज्ञान म्हणून उडवून लावल्या नाहीत. नांगराचं टोक, म्हणजे फाळ, ज्यावर सगळा भार येतो, तो परदेशी नांगराच्या तोडीचा टिकत नव्हता. ही तक्रार खरी होती. ओतकाम सुधारणं हाच त्यावर उपाय होता आणि त्यासाठी त्यांनी भट्टीपाशी बसून पुन्हा पुन्हा प्रयोग केले. लोखंड किती तापवायचं, साच्यात कसं ओतायचं, थंड कसं करायचं, यावर फाळाचा कठीणपणा ठरतो. विषाची अफवा भाषण देऊन गेली नाही. ज्याने नांगर घेतला त्याचं शेत पुढच्या हंगामात शेजाऱ्याने बांधावरून बघितलं, तेव्हा ती हळूहळू गेली.

धंदा जरा हलायला लागला आणि तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. शहराची वस्ती वाढवायची होती, कारखान्याची जागा त्या आराखड्यात येत होती. भट्टी, यंत्रं, कामगार, सगळा बारदाना उचलायचा आणि जायचं कुठे?

इथे या गोष्टीत राजा येतो. अगदी खराखुरा.

औंध हे सातारा भागातलं छोटं संस्थान. तिथले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आज ते आठवतात, पण ते स्वतः चित्रकारही होते. लक्ष्मणरावांशी त्यांची ओळख होती. औंधच्या यमाई देवीच्या मंदिराजवळ सभामंडप उभारण्याचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं. बेळगावची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं. शिवाय दहा हजार रुपये कर्ज दिलं, बिनव्याजी.

आता ही ओळ कुठल्याही मोटिव्हेशनल भाषणात सापडणार नाही, पण ती ठळक करून लिहायला हवी. दहा हजार रुपये, बिनव्याजी, १९१० साली. शून्यातून विश्व उभं केलं असं म्हणणाऱ्यांनी या रकमेचं काय करायचं ते ठरवावं. मला तर याने लक्ष्मणराव लहान होतात असं वाटत नाही. बावीस वर्षं टिकून दाखवलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी पैसा लावला, इतकंच. आणि हेही खरं की असे गुण असलेल्या हजारो माणसांना राजवाड्याच्या दारापर्यंतही पोचता येत नव्हतं. लिहितावाचता येणारं घर, मागे उभा राहणारा भाऊ, राजाची ओळख, हे सगळं सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं, आजही येत नाही.

निवडलेली जागा होती कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन, आजच्या सांगली जिल्ह्यात. जमीन म्हणायची आणि काय, उजाड माळ, जिकडे तिकडे निवडुंग आणि नागसापांचं राज्य. पण जागा निवडताना लक्ष्मणरावांनी बघितलं ते रेल्वे स्टेशन. लोखंड आणि कोळसा रेल्वेने यायचा, नांगर रेल्वेने जायचे. निवडुंग तोडता येतो, रेल्वे रूळ हलवता येत नाहीत.

१० मार्च १९१० ला काम सुरू झालं. या माळाचं पुढे नाव पडलं किर्लोस्करवाडी. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक.

वसाहत उभी करायला जी माणसं जमली तीही बघण्यासारखी. रामुअण्णा होतेच, कारखान्याबाहेरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. यंत्रांसाठी शंभोराव जांभेकर, हिशोब आणि पत्रव्यवहारासाठी मंगेशराव रेगे. यातल्या कुणाची निवड आजच्या एचआरने केली असती का, शंका आहे. कागदावरच्या पदव्यांपेक्षा हाताला काय येतं हे बघितलं जाई. रखवालदार म्हणून तर शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. गावाने ज्यांना दार बंद केलं त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हाही दंडक होता, आणि १९१० च्या दक्षिण महाराष्ट्रात हे बोलायला सोपं आणि पाळायला महाग होतं. सुरुवातीच्या दिवसांत एकट्या आलेल्या कामगारांच्या जेवणाखाण्याची काळजी लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई वाहायच्या. कंपनीच्या इतिहासात या खात्याला नाव नसतं.

चार वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. युद्धाने दोन्ही बाजूंनी काम केलं. इंग्लंडहून येणारे नांगर थांबले, त्यामुळे देशी नांगराला एकदम मागणी आली. पण लोखंडही थांबलं, कोळसाही थांबला. गिऱ्हाईक दारात आणि भट्टीत घालायला काही नाही, अशी अवस्था. मग कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून बघितला, म्हणजे लाकडाचा. आणि लोखंडासाठी मोडीची वाट धरली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर ओतले गेले.

हा किस्सा ऐकायला रोमहर्षक वाटतो. पण जालन्याच्या एमआयडीसीत जो रोज ट्रकमधून उतरणारं भंगार आणि बाहेर पडणाऱ्या सळया बघतो, त्याला यात सगळ्यात आधी धंद्याचं गणित दिसेल. धातू जुना होत नाही. गंजलेली तोफ काय किंवा मोडकी ग्रिल काय, भट्टीला दोन्ही सारख्याच.

आता येतो तो भाग, जो इंटरनेटवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात गमतीचा आहे.

नांगर गावोगावच्या एजंटांमार्फत विकले जायचे. एजंटांना आणि गिऱ्हाइकांना नवं काय बनलंय, कसं वापरायचं हे कळवायला कारखान्याने १९२० मध्ये एक छोटं पत्रक काढलं. नाव 'किर्लोस्कर खबर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे. शंकरराव मुळात चित्रकार. आपल्या काकांचं जे स्वप्न रंगांधळेपणामुळे राहिलं, ते त्यांनी शिकून घेतलं होतं.

यंत्राची कंपनी मासिक काढते ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत जॉन डियर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ पासूनच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे मासिक चालवलं होतं. टायरवाल्या मिशेलिनने १९०० मध्ये प्रवासाची मार्गदर्शिका काढली, जिचे तारे आज हॉटेलं मिरवतात. हल्ली याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि ते शिकवायचे कोर्स विकतात.

पण शंकरराव पत्रकावर थांबले नाहीत. नांगराच्या माहितीबरोबर लेख आले, कथा आल्या, व्यंगचित्रं आली, उद्योगधंद्यांवर, समाजसुधारणेवर मजकूर आला. पुढे नावातलं 'खबर' गेलं आणि 'किर्लोस्कर' मासिक उरलं. १९३० मध्ये बायकांसाठी 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. ज्यांनी आयुष्यात कधी नांगर विकत घेतला नसता अशी पुण्या-मुंबईची, नागपूरची, अगदी निजामाच्या राज्यातली मराठी माणसं ही मासिकं वाचत होती. माळावरच्या एका कारखान्याच्या छापखान्यातून निघालेल्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाचं वाचन काही दशकं घडवलं. वाटलं तर याला ब्रँडिंग म्हणा. मला ते तेवढंच वाटत नाही, कारण 'स्त्री'मधून विधवाविवाह, शिक्षण, बायकांचे हक्क यांवर जे छापलं गेलं त्याने अनेक गिऱ्हाईक तुटायचीच शक्यता जास्त होती.

त्याच १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. दोन भावांची पाटी आता भागधारकांची झाली. शेंगा फोडायचं यंत्र, उसाचे चरक, पंप अशी यादी वाढत गेली. थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेला आणि १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन परत आला. ज्या बापाला कुठलीच पदवी नव्हती त्याच्या घरात आता एमआयटीची पदवी आली.

हे सगळं सरळ वर जाणाऱ्या रेषेसारखं नव्हतं. शेतीमालाला भाव आला की नांगर खपायचा, भाव पडला की गोदामात पडून राहायचा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतकऱ्याच्या हातात पैसाच राहिला नाही. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर बनवून दिवस काढले. एका मालावर सगळं अवलंबून ठेवायचं नाही, ही सवय सायकल आणि कुट्टी मशीनच्या दिवसांपासूनची होती.

लक्ष्मणरावांनी पुढे कारभार हळूहळू मुलांकडे आणि पुतण्यांकडे सोपवला. १९४१ मध्ये हरिहरला यंत्र घडवणारी यंत्रं बनवण्याचा कारखाना आला. १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. विहिरीवरचं पाणी मोटेने ओढणाऱ्या महाराष्ट्रात इंजिन आणि पंप आले. मराठवाड्यातल्या कितीतरी मळ्यांत किर्लोस्कर हे आडनाव लोकांनी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनावर.

आणि मग १९४८. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरंदारं जाळली गेली. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला आणि कारखाना पेटवला गेला. ज्या माळावर शिवाशीव न पाळता सगळ्यांना काम दिलं होतं, तोच माळ जळत होता. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. प्रेरणादायी पोस्टींमध्ये हा भागही नसतो, कारण त्यातून काढायला सोपा धडा नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला एवढं मात्र झालं. कामगार परत आले, भट्ट्या पेटल्या.

२६ सप्टेंबर १९५६ ला पुण्यात लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. मुंबई ते बेळगाव पत्रापत्रीवर ज्याने नऊ वर्षं दुकान चालवलं, त्याचा फोटो टपालाच्या तिकिटावर आला.

मिरजेच्या बाजूने रेल्वेने पुण्याला जाताना ती जागा आजही लागते. कुंडल रोड हे स्टेशनचं नाव कधीच गेलं. पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं असतं.